ट्रॅक्टर-गाडीत बदल केला म्हणून सगळी वॉरंटी जाते का? काय जातं, काय राहतं, शोरूमनं नाकारलं तर काय करायचं

यवतमाळ : समजा, दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं पाडव्याला नवा ट्रॅक्टर घेतला. आठ दिवसांत त्यावर टेप, दोन स्पीकर आणि रात्रीच्या कामासाठी चार जादा लाईट बसवले. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघालं आणि नेमकी तेव्हाच हायड्रॉलिक लिफ्ट भार धरेना. ट्रॅक्टर शोरूमला नेला. तिथल्या माणसानं लाईटची वायर पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, वायरिंग कापली ना तुम्ही, वॉरंटी गेली तुमची."

टेपच्या वायरचा आणि लिफ्टमधल्या तेलाच्या दाबाचा काय संबंध? बहुतेक वेळा काहीच नाही. पण शेतकऱ्याला ते माहीत नसतं, हंगाम डोक्यावर असतो, मजूर ठरलेले असतात. तो खिशातून पैसे भरून मोकळा होतो. उलटही घडतं. कुणी पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेतो, इंजिन बसतं आणि मग 'वॉरंटीत करून द्या' म्हणून भांडतो. तिथे कंपनीचं म्हणणं बरोबर असू शकतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांत नवी गाडी घरी आली की तिला काही ना काही जोडलं जातंच. म्हणून कोणत्या बदलानं नेमकी किती वॉरंटी अडचणीत येते, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

थोडक्यात सांगायचं तर

• गाडीत एक बदल केला म्हणून आपोआप सगळी वॉरंटी संपते, असं समजून गप्प बसू नका.
• ज्या बदलामुळे जो भाग बिघडला, त्या भागाचा दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून बदल आणि बिघाड यांचा संबंध काय, हे विचारा.
• वॉरंटी, आरटीओ आणि विमा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका ठिकाणी चाललेला बदल दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही.
• शोरूमनं नाकारलं तर तोंडी ऐकून परत येऊ नका. कारण लेखी घ्या.

वॉरंटी म्हणजे नेमकं काय?

वॉरंटी म्हणजे कंपनीनं दिलेला शब्द. ठरलेल्या मुदतीत सुट्या भागात किंवा बनावटीत दोष निघाला तर कंपनी तो भाग फुकट दुरुस्त करते किंवा बदलून देते. दुचाकी-कारची मुदत वर्षं आणि किलोमीटर अशी असते, ट्रॅक्टरची वर्षं आणि तास अशी. दोन्हीपैकी जे आधी पूर्ण होईल तिथे वॉरंटी संपते. म्हणून ट्रॅक्टरचं तासाचं मीटर बंद पडलं तर लगेच शोरूमला कळवावं. बंद किंवा काढलेलं मीटर हे पुढे वादाचं मोठं कारण होतं.

वापरानं झिजणारे भाग, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, बल्ब, रबरी भाग, हे बहुतेक वेळा वॉरंटीच्या बाहेर किंवा कमी मुदतीत असतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा ते बनवणाऱ्या कंपनीची असते. त्यामुळे बॅटरी गेली तर ट्रॅक्टर कंपनीच्या नावानं ओरडण्याआधी बॅटरीचं कार्ड शोधा.

गाडीसोबत जे पुस्तक मिळतं त्यात वॉरंटीच्या अटी छापलेल्या असतात. 'कंपनीनं मान्य न केलेला बदल', 'चुकीचा वापर', 'जादा भार', 'अधिकृत नसलेली दुरुस्ती' असे शब्द त्यात सापडतात. ते पुस्तक बहुतेकांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीतच राहतं. एकदा ते पान उघडून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे शोरूममध्ये बोलताना तोच आधार होतो.

'सगळी वॉरंटी रद्द' हे कितपत खरं?

या प्रश्नावर देशात एक महत्त्वाचा आदेश झाला आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला न देता ग्राहकाला आपल्याच सर्व्हिस सेंटरला बांधून ठेवलं, हा मुख्य ठपका होता.

त्याच आदेशात आयोगानं वॉरंटीबद्दलही स्पष्ट सांगितलं. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच आणि परिस्थिती तशी असेल तरच वॉरंटी नाकारता येईल.

हा आदेश कार कंपन्यांपुरता होता आणि त्यावर पुढे अपिलंही झाली. ट्रॅक्टर किंवा दुचाकीला तो जसाच्या तसा लागू आहे असं म्हणता येणार नाही. तो दुरुस्तीबद्दल होता, गाडीत केलेल्या बदलाबद्दल नव्हता, हेही खरं. पण त्यातलं तत्त्व ग्राहकाला आपली बाजू मांडताना उपयोगी पडतं. नुकसान कशानं झालं ते आधी बघा, मग तेवढ्यापुरतं नाकारा. अमेरिकेतही १९७५ च्या वॉरंटी कायद्यानं 'आमच्याच कंपनीचा सुटा भाग वापरला तरच वॉरंटी' अशी सक्ती करायला कंपन्यांना मनाई केली आहे.

आता जिल्ह्यात नेहमी होणारे बदल एकेक करून पाहू.

ट्रॅक्टर

*डिझेल पंप वाढवणे.* 'जरा ताकद कमी वाटते' म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून घेतला जातो. प्रत्येक फेरीला जास्त डिझेल जातं, ते पूर्ण जळत नाही, काळा धूर निघतो आणि इंजिनातली उष्णता वाढते. त्यातून पिस्टन, वॉल्व्ह, हेड गॅस्केट जाऊ शकतं. पंपाच्या सेटिंगला कंपनीचं सील असतं. तपासणारा मिस्त्री सगळ्यात आधी तेच पाहतो. सील तुटलं असेल तर इंजिनाचा दावा टिकणं अवघड. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरील नव्या ट्रॅक्टरला प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. अशा ट्रॅक्टरमध्ये डिझेलचं माप सहसा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्या प्रोग्राममध्ये छेडछाड करणं म्हणजे थेट इंजिनाच्या वॉरंटीलाच हात घालणं.

*लिफ्टचा दाब वाढवणे.* जड नांगर किंवा मोठा रोटाव्हेटर उचलावा म्हणून हायड्रॉलिकच्या वॉल्व्हमध्ये वॉशर टाकून दाब वाढवतात. हा वॉल्व्ह जादा दाब सोडून देण्यासाठीच असतो. तो अडवला की पंप, पाईप आणि सील यांच्यावर ताण येतो. इथे लिफ्टचा दावा नाकारला गेला तर कंपनीला दोष देता येणार नाही.

*मोठे टायर, लोखंडी चाकं, पुढचा लोडर.* टायरचा आकार बदलला की गिअरबॉक्स आणि एक्सलवरचा भार बदलतो. चिखलणीची लोखंडी चाकं लावून डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर पळवला तर धक्के सरळ एक्सलला बसतात. कंपनी ज्या मापाचे टायर आणि जी अवजारं पुस्तकात देते, ती वापरली तर वाद उरत नाही.

*जाळी आणि एअर फिल्टर.* सोयाबीन काढताना कुटार उडतं आणि रेडिएटरसमोरच्या जाळीत जाऊन बसतं. इंजिन गरम होतं म्हणून काही जण जाळीच काढून टाकतात. मग कुटार थेट रेडिएटरमध्ये अडकतं आणि इंजिन आणखी तापतं. एअर फिल्टरचंही तसंच. थ्रेशरच्या धुळीत फिल्टर काढून किंवा फाटका फिल्टर लावून चालवलं तर धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा झिजतात. इंजिन उघडलं की ही धूळ दिसते. त्यापेक्षा मळणीच्या दिवसांत जाळी दिवसातून दोन-तीनदा झाडणं सोपं.

*टेप, लाईट, हॉर्न.* याचा इंजिन किंवा गिअरबॉक्सशी संबंध नाही. पण वायर तोडून, मध्येच पिळून जोड दिला असेल तर अल्टरनेटर, बॅटरी, स्टार्टर, वायरिंग यांच्या दाव्यावर शोरूम बोट ठेवू शकतं.

दुचाकी

*सायलेन्सर बदलणे.* १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा भाग असतो, आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर त्याच मार्गावर बसवलेला असतो. फटाके फोडणारा सायलेन्सर लावला की हे गणित बिघडतं, मीटरवर इंजिनचा दिवा लागतो. इंजिन आणि धुराच्या यंत्रणेचा दावा अडचणीत येतो. आवाजाबद्दलची कायदेशीर कारवाई वेगळीच.

*जास्त वॅटचा बल्ब.* अनेक गाड्यांत हेडलाईटचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्या जागी १००/९० चा बसवला तर १२ व्होल्टवर करंट सुमारे ५ अँपिअरवरून ८ च्या वर जातो. वायर आणि होल्डर तेवढ्यासाठी बनलेले नसतात, ते वितळतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणं तर आगीला आमंत्रण.

*दुधाच्या कॅनचं स्टँड, लेगगार्ड, सीट कव्हर.* नुसतं नट-बोल्टनं बसवलं, मूळ सांगाड्याला वेल्डिंग किंवा छिद्र केलं नाही, तर सहसा वॉरंटीचा प्रश्न येत नाही. पण चेसिसला वेल्डिंग केलं आणि तिथेच तडा गेला, तर तो दावा गेला. भार वाढला म्हणून शॉकअप बसले तरी 'जादा भार' हे कारण पुढे येतं.

पिकअप, कार आणि इलेक्ट्रिक गाडी

कापूस जिनिंगला किंवा बाजार समितीत न्यायचा म्हणून पिकअपच्या फळ्या उंच करतात आणि मागे कमानपाटे वाढवतात. पाटे वाढले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. बसकण कमी दिसते इतकंच. भार एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चेसिसवर तसाच पडतो. यातला कोणताही भाग गेला की कंपनी पाट्यांकडे बोट दाखवणार. मात्र त्याच गाडीचा स्टार्टर खराब निघाला तर पाट्यांचं कारण सांगता येणार नाही.

सीएनजी किट बाहेरून बसवायचं असेल तर तीन गोष्टी पाहा. मान्यताप्राप्त किट, अधिकृत केंद्र आणि आरसीवर नोंद. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. कंपनीतूनच सीएनजी आलेली गाडी आणि नंतर किट बसवलेली गाडी यांच्या वॉरंटीत फरक असतो. नंतर बसवलेल्या किटची जबाबदारी किटवाल्याची. इंजिनाच्या वॉरंटीवर काय परिणाम होईल, ते किट बसवण्याआधी गाडीच्या कंपनीकडून लेखी विचारा.

इलेक्ट्रिक दुचाकीत सगळ्यात महाग भाग बॅटरी. दुसऱ्या कंपनीचा चार्जर, बॅटरीचं सील उघडणं किंवा वेग वाढवण्यासाठी कंट्रोलर बदलणं, यातलं काहीही केलं तर बॅटरी-मोटारचा दावा धोक्यात येतो. शिवाय नोंदणी न लागणाऱ्या ई-बाईकला २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. वेग वाढवला की ती सूट राहत नाही.

गावच्या मिस्त्रीकडे ऑईल बदललं तर?

झरी-जामणी किंवा उमरखेडच्या टोकाच्या गावातून दर वेळी शोरूम गाठणं सोपं नसतं. पण वॉरंटीच्या काळात ठरलेल्या सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत ठिकाणी करून घेणंच शहाणपणाचं. बऱ्याच कंपन्या गावात येऊन सर्व्हिस देतात, शोरूमला फोन करून विचारा. अगदीच अडचण झाली आणि बाहेर ऑईल बदलावं लागलं, तर पुस्तकात दिलेल्या दर्जाचंच ऑईल घ्या. पक्कं बिल घ्या, त्यावर तारीख आणि तास किंवा किलोमीटर लिहून घ्या. मीटरचा फोटो काढा. 'ऑईल बदललंच नाही' असा आरोप झाला तर हेच कागद बोलतात.

वॉरंटी टिकली तरी आरटीओ आणि विमा आहेच

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलणारं मान्यताप्राप्त किट आणि दिव्यांगांसाठी गाडी जुळवून घेणं, याला नियमानं वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच बाब अधोरेखित केली. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लायसन्सही तीन महिने अडकतं. गाडीपुढचे लोखंडी बुलगार्ड हेही याच नियमात बसत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. रंग बदलायचा तरी आधी यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात विचारा, कारण रंगाची नोंद आरसीवर असते.

विम्याचंही तसंच. सीएनजी किट, महागडा टेप, जादा सामान यांची नोंद पॉलिसीत करून घ्यावी लागते. न सांगता केलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी उघडा पडतो. वॉरंटी अपघाताचा खर्च देत नाही आणि विमा बनावटीतला दोष भरून देत नाही, हेही लक्षात असू द्या.

शोरूमनं 'वॉरंटी नाही' म्हटलं तर

१. जॉब कार्ड बनवून घ्या. गाडी आत घेताना तक्रार काय, तारीख काय, तास किंवा किलोमीटर किती, हे त्यावर लिहिलेलं असावं. प्रत घेतल्याशिवाय गाडी सोडू नका.

२. दोनच प्रश्न विचारा. वॉरंटीची कोणती अट लागू केली? आणि आमच्या बदलामुळे हा भाग कसा बिघडला? उत्तर लेखी किंवा निदान व्हॉट्सॲपवर मागा.

३. खराब झालेला भाग परत मागा. पैसे भरून दुरुस्ती करावी लागली तरी जुना भाग आणि बिल जपून ठेवा. तो भागच पुरावा आहे. बिलावर 'दावा कायम ठेवून पैसे भरले' असं लिहा.

४. कंपनीला थेट कळवा. शोरूम म्हणजे कंपनी नव्हे. पुस्तकात कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक आणि ई-मेल असतो. तक्रारीचा नंबर घ्या.

५. १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीतही बोलता येतं. अनेक प्रकरणं इथेच मिटतात.

६. जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कंपनी चेन्नईची असो की पुण्याची, तक्रार यवतमाळला चालते. वकील सक्तीचा नाही, ऑनलाईनही दाखल करता येते. वस्तूसाठी भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये, १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी.

तक्रारीत एक वाक्य विसरू नका. ट्रॅक्टर किंवा पिकअप स्वतःच्या शेतीसाठी, पोटापाण्यासाठी घेतला आहे, असं स्पष्ट लिहा. निव्वळ व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला या कायद्याचं संरक्षण नाही, पण स्वतः कष्ट करून उपजीविका चालवणाऱ्याला आहे. दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग तो भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणूनच वर सांगितलं, जुना भाग भंगारात टाकू नका.

बदल करण्याआधी एवढं करा

• वॉरंटी किती दिवस उरली ते पाहा. हौसेचा बदल मुदत संपेपर्यंत थांबू शकतो.
• शोरूममधूनच कंपनीचं सामान बसवून घ्या आणि बिलावर त्याची नोंद करा.
• बाहेर बसवायचंच असेल तर वायर न कापता कप्लर आणि रिले लावून, वेगळा फ्यूज देऊन बसवायला सांगा.
• काढलेला मूळ सायलेन्सर, बल्ब, टायर विकू नका. घरी ठेवा.
• बदलाआधी आणि नंतर फोटो काढा. बसवणाऱ्याचं बिल ठेवा.
• पंप, लिफ्टचा वॉल्व्ह, चेसिस, ब्रेक, स्टिअरिंग आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी यांना वॉरंटीच्या काळात हात लावू देऊ नका.

सुरुवातीच्या त्या शेतकऱ्याकडे परत येऊ. त्यानं लाईट लावताना वायर कापली, ही चूक झाली. उद्या अल्टरनेटर गेला तर त्याची बाजू कमजोर असेल. पण लिफ्टसाठी त्यानं एवढंच विचारायला हवं होतं, "साहेब, लाईटच्या वायरनं लिफ्ट कशी बिघडली, ते जॉब कार्डवर लिहून द्या." या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर ती लिफ्ट दुरुस्त करून मागणं हा त्याचा हक्क आहे.